देवक

देवक म्हणजे महाराष्ट्रातील अनेक जातिजमातींमध्ये कुळाचे रक्षक आणि कुळाचे चिन्ह मानलेले झाड, वेल, प्राणी, पक्षी किंवा वस्तू होय. मराठा, कुणबी, धनगर, कोळी तसेच अनेक कारागीर व शेतकरी जातींत लग्नापूर्वी देवकाची स्थापना केली जाते. ज्या कुळाचे जे देवक असेल, त्याला त्या कुळातील व्यक्तीने इजा करू नये, ते खाद्य असल्यास खाऊ नये आणि त्याचा अवमान करू नये, असा संकेत आहे. एकाच देवकाची माणसे परस्परांची भाऊबंद समजली जातात. म्हणून त्यांच्यात विवाहसंबंध होत नाहीत.

देवकांमध्ये वनस्पतींची संख्या सर्वाधिक आहे. प्राणिरूप देवके त्या मानाने थोडी आहेत. मात्र देवकामागची मूळ कल्पना, म्हणजे मनुष्यकुळ आणि एखादा मनुष्येतर जीव यांच्यात रक्ताच्या नात्यासारखे नाते असते ही भावना, प्राणिरूप देवकांत विशेष स्पष्टपणे दिसते. प्रस्तुत लेखात देवकसंस्थेचे सर्वसाधारण स्वरूप सांगून प्राणिरूप देवकांचा आणि त्यांच्या जवळपासच्या श्रद्धांचा विचार केला आहे.

अर्थ आणि व्याप्ती

‘देवक’ हा शब्द ‘देव’ या शब्दापासून झाला आहे. मराठीत तो दोन अर्थांनी वापरतात. पहिला अर्थ कुळाचे चिन्ह असा आहे. ‘आमचे देवक कळंब’ किंवा ‘त्यांचे देवक मोराचे पीस’ असे म्हणताना हा अर्थ अभिप्रेत असतो. दुसरा अर्थ लग्न, मुंज अशा मंगलकार्याच्या आरंभी केलेली देवतांची स्थापना असा आहे. ‘देवक ठेवणे’, ‘देवक बसविणे’, ‘देवक उठविणे’ हे वाक्प्रचार या दुसऱ्या अर्थाचे आहेत.

ब्राह्मण कुटुंबांत देवक प्रामुख्याने दुसऱ्या अर्थाने असते. तेथे नांदीश्राद्ध, अविघ्न गणपती आणि मंडपदेवता यांची स्थापना होते. नंदिनी, नलिनी, मैत्रा, उमा, पशुवर्धिनी व शस्त्रगर्भा अशी मंडपदेवतांची नावे असून आंब्याच्या पानांच्या गुंडाळ्यांवर त्यांचे आवाहन करतात. त्यात कोणत्याही कुळाचे वेगळे चिन्ह नसते. मराठा, कुणबी आदी समाजांत मात्र दोन्ही अर्थ एकत्र येतात: लग्नाच्या आधी ज्याची स्थापना करायची, तेच कुळाचे चिन्ह असते.

देवक, कुलदैवत, गोत्र आणि आडनाव

या चार गोष्टींची अनेकदा गल्लत होते.

कुलदैवत ही पूजनीय देवता असते. जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, शिखर शिंगणापूरचा शंभूमहादेव ही कुलदैवते निरनिराळ्या जातींच्या असंख्य कुळांना समान आहेत. कुलदैवत एक असले म्हणून लग्नाला अडचण येत नाही. देवकाचे तसे नाही. ते एक असल्यास सोयरीक होत नाही.

गोत्र हे ऋषीच्या नावावरून सांगितले जाते. मराठा व इतर शेतकरी कुळांत गोत्राचा उच्चार मुख्यतः धार्मिक विधीतील संकल्पापुरता होतो. विवाह जुळविताना परंपरेने जे पाहिले जात असे, ते देवक.

आडनावावरून देवक ओळखता येते, हा समजही सर्वस्वी बरोबर नाही. मोरे व मोर, कदम व कळंब (कदंब), साळुंखे व साळुंकी या जोड्यांत नाव आणि देवक यांचा मेळ दिसतो. परंतु पवारांचे देवक तलवारीची धार आणि शिंद्यांचे मर्यादवेल सांगितले जाते. तेथे नावावरून काहीच कळत नाही. उलट वाघ, लांडगे, कोल्हे अशी आडनावे असलेल्या सर्व घराण्यांचे देवक तो तो प्राणी असतो, असेही नाही. आडनाव पराक्रमावरून, गावावरून, वतनावरून किंवा टोपणनावावरूनही पडू शकते. शिवाय एकच आडनाव निरनिराळ्या जातींत आढळते आणि त्यांची देवके वेगवेगळी असू शकतात. छापील कुळींच्या याद्याही एकमेकींशी सर्वत्र जुळत नाहीत. म्हणून एखाद्या घराण्याचे देवक कोणते, याविषयी त्या घराण्याची परंपरा हेच मुख्य प्रमाण मानले जाते.

देवकांचे प्रकार

देवकांचे ढोबळमानाने चार वर्ग करता येतात.

वनस्पती: कळंब, वड, पिंपळ, उंबर, आंबा, जांभूळ, सौंदड (शमी), रुई, मर्यादवेल, कमळ इत्यादी. पाच झाडांच्या डहाळ्या एकत्र करून केलेल्या देवकास पंचपालवी किंवा पंचपल्लव म्हणतात. ही पाच झाडे सर्वत्र सारखी नसतात.

प्राणी व पक्षी: यांचे देवक बहुधा अंशरूपाने ठेवले जाते. संपूर्ण प्राण्याऐवजी त्याचे पीस किंवा पंख पुजला जातो.

शस्त्रे व वस्तू: तलवारीची धार, सोने, हळद, दिवे इत्यादी.

संयुक्त देवके: काही कुळांत दोन वस्तू एकत्र येतात. मोरे कुळाचे देवक मोराचे पीस व ३६० दिवे असे सांगितले जाते.

प्राणिरूप देवके आणि त्यांच्याशी नाते

मोर

प्राणिरूप देवकांपैकी सर्वांत परिचित देवक मोरे कुळाचे आहे. या कुळात मोराला इजा न करण्याचा आणि त्याचे मांस न खाण्याचा संकेत आहे. देवक म्हणून मोराचे पीस ठेवले जाते. मोराची पिसे पावसाळ्यानंतर दरवर्षी आपोआप गळतात; त्यामुळे हे देवक मिळविण्यासाठी पक्ष्याला मारावे किंवा पकडावे लागत नाही. ज्याला मारायचे नाही, त्याचेच चिन्ह लग्नात हवे, ही अडचण येथे मोराच्या स्वभावधर्मानेच सुटलेली आहे.

जावळीचे चंद्रराव मोरे हे या कुळातील इतिहासप्रसिद्ध घराणे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी जिंकली. मोरे या नावाचा संबंध काही अभ्यासक मौर्य या राजवंशाशी जोडतात. कोकणात मौर्य नावाचे राजघराणे होते, हे निश्चित आहे. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या काळातील ऐहोळे येथील शिलालेखात (इ. स. ६३४) चालुक्यांनी जिंकलेल्यांमध्ये नल, मौर्य आणि कदंब यांची नावे आहेत. मात्र कोकणातील मौर्यांपासून मध्ययुगीन मोऱ्यांपर्यंतची अखंड वंशावळ उपलब्ध नाही. हा संबंध नामसाम्यावर आणि मोर या चिन्हावर आधारलेला तर्क आहे.

साळुंकी

साळुंखे कुळाच्या देवकांत साळुंकी पक्ष्याच्या पंखाचा उल्लेख काही याद्यांत येतो. काही याद्यांत त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीने कमळ सांगितले आहे. साळुंकी हा घराच्या आसपास, गुराढोरांच्या पाठीवर आणि नांगरलेल्या शेतात नित्य दिसणारा पक्षी आहे. कुळरक्षक म्हणून मानलेला जीव बलाढ्य किंवा हिंस्रच असला पाहिजे असे नाही, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

घोरपड

घोरपडे घराण्याच्या नावामागे पराक्रमाची कथा आहे. मुधोळ संस्थानच्या परंपरेनुसार बहमनी काळात घराण्यातील पुरुषांनी घोरपडीच्या साहाय्याने खेळणा (विशाळगड) किल्ल्याच्या तटावर चढाई केली आणि त्याबद्दल १४७१ मध्ये ‘राजा घोरपडे बहादूर’ हा किताब मिळाला. या घटनेस आधार म्हणून दाखविल्या जाणाऱ्या फर्मानांच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. अशाच स्वरूपाची यशवंती घोरपडीची कथा तानाजी मालुसरे यांच्या सिंहगडावरील चढाईशी (१६७०) जोडली जाते. ती पोवाड्यातून लोकप्रिय झाली. समकालीन साधनांचा तिला आधार नाही.

घोरपड हे येथे काटेकोर अर्थाने देवक नाही, ते नामचिन्ह आहे. तरीही कथेची रचना लक्षणीय आहे. प्राणी पूर्वज नाही, देवही नाही. तो संकटात उपयोगी पडलेला साथीदार आहे, आणि त्याचे नाव वंशाने कायमचे धारण केले आहे.

कासव

साहाय्यातून जडलेल्या नात्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण गोंड समाजाच्या लिंगो आख्यानात आहे. स्टीफन हिस्लॉप या नागपूर येथील मिशनऱ्याने संकलित केलेले हे आख्यान रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात नदीला पूर आला असता मागे राहिलेल्या गोंडांना पलीकडे नेण्याचे वचन मगर व कासव देतात. मगर वचन मोडून त्यांना बुडवू पाहते. कासव मात्र त्यांना पाठीवर घेऊन तीरास पोचविते. त्या उपकाराची आठवण म्हणून त्यांचे वंशज कासवाला मारीत नाहीत व खात नाहीत. या कथेत निषेधाचा उगम भयात नसून ऋणात आहे. पूर्वजावरील ऋण वंशजांनी न खाऊन फेडायचे असते.

विदर्भातील गोंड समाजात मडावी, आत्राम, टेकाम, मरकाम, नैताम, उईके, सिडाम इत्यादी कुळे चार, पाच, सहा किंवा सात देवांच्या गटांत विभागलेली आहेत. समान देवसंख्येच्या गटात विवाह होत नाही. आधुनिक गोंडी सांस्कृतिक चळवळीत प्रत्येक कुळाने एक वनस्पती, एक पशू व एक पक्षी यांचे रक्षण करावे, असा विचार आग्रहाने मांडला जातो.

नाग

नाग हे काही कुळांचे चिन्ह आहेच; परंतु महाराष्ट्रात त्याच्याशी एक वेगळे आणि सार्वत्रिक नातेही जोडले जाते. नागपंचमीला स्त्रिया नागाला भाऊ मानतात आणि भावासाठी उपवास करतात. मृत भाऊ नागाच्या रूपाने बहिणीला भेटल्याची कथा या व्रताशी निगडित आहे. त्या दिवशी जमीन नांगरू वा खणू नये, काही चिरू वा तळू नये, असा नियम पाळला जातो. हे नाते कुळाचे नसून स्त्रीने व्यक्तिशः जोडलेले आहे. मात्र देवकाप्रमाणेच त्यातही पूजेबरोबर ‘इजा करायची नाही’ ही जबाबदारी आहे.

वाघ

वाघोबा किंवा वाघदेव हा ठाणे, पालघर, नाशिक, अहिल्यानगर व पुणे जिल्ह्यांच्या डोंगराळ भागांत वारली, महादेव कोळी, ठाकर आदी समाजांत पुजला जातो. लाकडी अथवा दगडी फळीवर कोरलेली वाघाची आकृती आणि तिच्यावर चंद्रसूर्य, असे त्याचे रूप अनेक ठिकाणी दिसते. आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस साजरी होते. वाघोबा हा गावाचा, गुरांचा व शिवाराचा राखणदार आहे. तो सर्व गावाचा असतो, एका कुळाचा नसतो. म्हणून त्याला देवक म्हणता येत नाही. रक्षक आणि नातलग या दोन कल्पना वेगळ्या आहेत आणि देवकात त्या एकत्र येतात, हे वाघोबाशी तुलना केल्यास कळते.

निषेध आणि कर्तव्ये

देवकाविषयीचे आचरण मुख्यतः निषेधांच्या रूपाने सांगितले जाते. देवक प्राणी असल्यास त्याला मारू नये व खाऊ नये. झाड असल्यास ते विनाकारण तोडू नये, त्याचे लाकूड जाळू नये. लग्नासाठी डहाळी घ्यावी लागते तेव्हा आधी झाडाची पूजा करतात.

हे नियम त्या कुळापुरते असतात. शेजारच्या कुळाने आपल्या देवकाला मान द्यावा, अशी सक्ती नसते. त्यामुळे एकाच गावात एका घराला वर्ज्य असलेले झाड दुसऱ्या घरात सरपण म्हणून जळू शकते. देवक ही ‘पवित्र वस्तू’ आहे असे म्हणण्यापेक्षा ती ‘आपली’ आहे असे म्हणणे अधिक यथार्थ ठरते. पावित्र्य सर्वांना बांधते. नाते ज्याचे त्यालाच बांधते.

हे नाते किती दूरवर जाऊ शकते, याची एक नोंद आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मिळते. मध्य प्रांतातील काही कुळांत कुळाचा प्राणी मेल्याची वार्ता कळल्यास घरातील मातीची भांडी टाकून देणे आणि स्नान करणे, म्हणजे घरचे माणूस गेल्याप्रमाणे सुतक पाळणे, अशी चाल होती.

विवाहविधीतील स्थान

देश भागातील प्रचलित पद्धतीनुसार लग्नाच्या आदल्या दिवशी किंवा लग्नाच्या दिवशी सकाळी देवक आणले जाते. गुरव देवकाच्या डहाळ्या किंवा चिन्ह गावच्या मारुतीच्या देवळात ठेवतो. वधूचे अथवा वराचे आईवडील, किंवा ते नसल्यास जवळच्या नात्यातील दांपत्य, वाजतगाजत देवळात जाते. दोघांच्या वस्त्रांची गाठ बांधलेली असते. पुरुषाच्या खांद्यावर कुऱ्हाड आणि स्त्रीच्या हाती पूजेचे साहित्य असते. चौघे जण त्यांच्यावर वस्त्राचे छत धरतात. देवळात पूजा झाल्यावर देवक घरी आणून मांडवाच्या मुहूर्तमेढीला बांधतात किंवा देव्हाऱ्याजवळ ठेवतात. वधू व वर या दोन्ही घरी आपापले देवक स्वतंत्रपणे बसते.

देवक बसल्यानंतर ते उठेपर्यंत घराला सोयर-सुतक लागत नाही, असे मानतात. लग्न पार पडल्यावर देवकाची पुन्हा पूजा करून ते उठविले जाते.

या विधीचा सामाजिक अर्थ असा की, विवाह दोन व्यक्तींचा असला तरी त्याला साक्षी कुळ असते. आणि कुळात केवळ हयात माणसे नव्हे, तर पूर्वज आणि देवक यांचाही समावेश होतो. मोरे कुळाच्या मांडवात मोराचे पीस असणे म्हणजे घरातील एका वडीलधाऱ्याची उपस्थिती असणे होय.

विवाहसंबंधांवरील बंधन

एकाच देवकाच्या कुळांत विवाह निषिद्ध मानतात. आडनावे भिन्न असली तरी देवक एक असेल तर ती कुळे मुळात एकच होती, अशी समजूत त्यामागे आहे. देवक सामान्यतः वडिलांकडून येते. विवाहानंतर स्त्री पतीच्या देवकाची होते. काही समाजांत आईच्या माहेरचे देवकही टाळण्याची चाल आहे. मात्र मामाच्या मुलीशी विवाह मराठ्यांसह अनेक समाजांत मान्य आहे, कारण मामाचे देवक वेगळे असते. जवळचे रक्ताचे नाते चालते आणि दूरचे, कदाचित न आठवणारे देवकाचे नाते चालत नाही, ही बाब बाहेरच्या निरीक्षकांना चमत्कारिक वाटली. परंतु देवकसंस्थेत नात्याचे गणित पिढ्यांच्या अंतरावर नसून कुळाच्या ओळखीवर चालते.

कायद्याच्या दृष्टीने या बंधनाला आता आधार नाही. १९४६ च्या कायद्याने सगोत्र हिंदू विवाहांतील अडथळा दूर केला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही गोत्र वा देवक समान असणे हे विवाहास बाधक ठरविलेले नाही. देवकाचा निर्बंध आज केवळ सामाजिक रूढी म्हणून उरला आहे.

माणदेश व सांगोला परिसर

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुका माण नदीच्या खोऱ्यात आहे. माण ही भीमेची उपनदी. सांगोला, मंगळवेढा, आटपाडी, जत, माण हा पर्जन्यछायेचा सलग प्रदेश असून मेंढपाळी आणि खिलार गुरांची पैदास हे येथील जुने आधार आहेत. सांगोल्याचा जनावरांचा बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. मराठा, धनगर व इतर समाजांची वस्ती, तसेच कन्नड भाषक प्रदेशाचे सान्निध्य यांमुळे येथे माणूस आणि प्राणी यांच्या नात्याचे एकाहून अधिक प्रकार शेजारीशेजारी पाहायला मिळतात.

पहिला प्रकार देवकाचा, म्हणजे कुळाच्या नात्याचा. दुसरा घरच्या जनावराचा. आषाढातील बेंदराला बैलांना कामाला जुंपत नाहीत; त्यांना धुऊन, शिंगे रंगवून, पूजा करून पुरणपोळीचा घास देतात. दिवाळीत धनगर मेंढरांची पूजा करतात. तिसरा प्रकार देवतेच्या साथीदार प्राण्याचा. खंडोबाचा घोडा व कुत्रा हे त्याचे ठळक उदाहरण.

या तिन्हींत भेद आहे. बैल आणि मेंढरू हे घरातील असले तरी ते विकले जातात. मेंढरू मांसासाठीही जाते. त्यांच्याशी असलेले नाते जिव्हाळ्याचे, पण उपजीविकेने बांधलेले आहे. खंडोबाच्या कुत्र्याला मान मिळतो तो देवामुळे. देवकाचा प्राणी मात्र कोणत्याही उपयोगाचा नसतो आणि कोणत्याही देवाचे वाहन म्हणूनही तो आलेला नसतो. त्याचा मान तो ‘आपल्या कुळाचा’ असण्यात आहे.

सीमेपलीकडे कर्नाटकातही समांतर संस्था आहेत. कन्नड भाषक समाजांत ‘बेडगू’ आणि किनारी भागात ‘बळी’ या नावाने ओळखले जाणारे कुळगट असून त्यांपैकी अनेकांची नावे प्राण्यांवरून किंवा झाडांवरून पडलेली आहेत. समान गटात विवाह न करण्याचा नियम तेथेही आहे. त्यामुळे देवक ही केवळ मराठी संस्था नसून दख्खनच्या व्यापक समाजरचनेचा भाग आहे, असे दिसते.

अभ्यासाचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी गॅझेटियर व जनगणनेच्या निमित्ताने देवकांच्या नोंदी केल्या. १९०१ च्या जनगणनेचे मुंबई इलाख्यातील काम आर. ई. एंथोवेन यांच्याकडे होते. त्यांच्या ‘द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बॉम्बे’ या तीन खंडांच्या ग्रंथात (१९२०–२२) अनेक जातींची देवके नमूद आहेत. जे. जी. फ्रेझर यांनी ‘टोटेमिझम अँड एक्सॉगॅमी’ (१९१०) या ग्रंथात भारतातील अशा कुळचिन्हांचा समावेश जगभरच्या उदाहरणांत केला. पुढे दा. ध. कोसंबी यांनी महाराष्ट्रातील कुलनामे, लोकदेवता आणि जुन्या टोळीजीवनाचे अवशेष यांचा एकत्रित विचार केला. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंबंधांच्या अभ्यासात (१९५३) महाराष्ट्रातील कुळांच्या विवाहनियमांचे विवेचन केले. गुंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या पशुपालकांच्या देवतांवर मूलभूत संशोधन केले (१९७६).

देवक आणि टोटेम

इंग्रजी लेखकांनी देवकाला ‘टोटेम’ म्हटले. हा शब्द उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे भाषेतून आला आहे. त्याच्या मूळ रूपाचा अर्थ साधारणतः ‘तो माझा नातलग आहे’ असा होतो. जॉन लाँग या व्यापाऱ्याने १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तातून तो इंग्रजीत आला. लाँगने सांगितलेली हकीकत एका शिकाऱ्याची आहे. अस्वल हा त्याचा रक्षक. चुकून त्याच्या हातून अस्वल मारले गेले, तेव्हा आपल्यावरील कृपाछत्र कायमचे गेले या समजुतीने तो खचून गेला.

पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले की लाँगने दोन भिन्न कल्पना एकत्र केल्या होत्या. ओजिब्वे समाजात कुळाचा प्राणी वेगळा आणि व्यक्तीला स्वप्नात वा उपवासात लाभलेला वैयक्तिक रक्षक वेगळा. महाराष्ट्रातील देवक पहिल्या प्रकारात मोडते. ते व्यक्तीला निवडता येत नाही. जन्माने किंवा विवाहाने मिळते. त्याचा साक्षात्कार होत नाही, ते वडीलधाऱ्यांकडून कळते. असे असले तरी लाँगच्या शिकाऱ्याला झालेले दुःख समजण्यासारखे आहे. कारण कुळाचे नाते व्यक्तीला जाणवते ते शेवटी व्यक्तिगत रूपातच. पान वाढले असता ‘हे आमच्यात चालत नाही’ असे म्हणणारा माणूस कुळाच्या वतीने बोलत असला तरी नकार त्याचा स्वतःचा असतो.

एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्ये टोटेमला धर्माचे आद्यरूप मानले. क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९६२ मध्ये या संकल्पनेवरच आक्षेप घेतला. प्राण्यांमधील भेदांचा आधार घेऊन माणसे आपापल्या गटांतील भेद मनात मांडतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. मोरे आणि कदम यांतील फरक मोर आणि कळंब यांच्या फरकाने सांगणे, हे या विचाराचे मराठी उदाहरण ठरेल. तथापि, या स्पष्टीकरणातून मोराचे मांस वर्ज्य का, याचे उत्तर मिळत नाही. देवक हे ओळखचिन्ह तर आहेच. परंतु त्याच्याबरोबर कर्तव्यही येते.

भारतीय संदर्भात ‘टोटेम’ या शब्दावर आणखी एक आक्षेप आहे. वसाहतकालीन लेखकांनी त्याचा उपयोग समाजांना ‘आदिम’ ठरविण्यासाठी आणि वंशसिद्धान्तासाठी केला. एच. एच. रिस्ली यांनी मराठ्यांच्या वांशिक मिश्रणाविषयी मांडलेली मते आज त्याज्य ठरली आहेत. याच सुमारास, १८९९ नंतरच्या वेदोक्त प्रकरणामुळे, गोत्र आणि वेदोक्त संस्कार हे प्रतिष्ठेचे विषय झाले होते. मात्र वेदोक्त विधीने लागलेल्या लग्नांतही देवक बसविण्याची प्रथा चालू राहिली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

वर्तमान स्थिती

देवक बसविण्याचा विधी आजही ग्रामीण व नागरी दोन्ही भागांत होतो. मंगल कार्यालयांमुळे तो संक्षिप्त झाला असून देवळापर्यंतची मिरवणूक अनेकदा गळते. आपले देवक कोणते हे ठाऊक नसलेल्या घरांत पंचपालवी ठेवून विधी पूर्ण करतात. पंचपालवी ही काही कुळांचे मूळ देवक आहेच. परंतु ती इतरांसाठी पर्याय म्हणून वापरली जाऊ लागली, म्हणजे मूळ चिन्हाची आठवण राहत नाही. विधी टिकतो, पण कुळ कोणाचे नातलग होते हे विस्मृतीत जाते. ही माहिती बहुतांशी मौखिक असून घरातील वृद्ध स्त्रिया, भाऊबंदकीतील जाणते आणि गावचे गुरव यांच्याकडे असते.

दुसरीकडे, देवकाचा जुना संकेत आणि आजचा कायदा काही ठिकाणी एकाच मुक्कामावर आले आहेत. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे. मोर आणि घोरपड या दोहोंना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान असून त्यांची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. तरीही मांस, तेल आणि अंधश्रद्धेपायी घोरपडीची चोरटी शिकार होते. कायद्याचा निषेध सर्वांना सारखा लागू होतो आणि शिक्षेच्या भयावर उभा असतो. देवकाचा निषेध एका कुळापुरता होता. पण त्याच्या पालनासाठी पहारेकऱ्याची आवश्यकता नव्हती, कारण नातलगाला मारणे हे कोणाच्या मनातच येत नसे.

प्रत्येक कुळ आपापल्या देवकापुरते बांधलेले असल्याने या संस्थेमुळे निसर्गाचे सर्वांगीण रक्षण झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र माणसाच्या नात्यांची मर्यादा माणसांपाशीच संपत नाही, हा विचार मराठी समाजात लग्नासारख्या सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगी पिढ्यान्‌पिढ्या उच्चारला गेला, ही देवकसंस्थेची महत्त्वाची देणगी आहे.